दुर्बिणीने निवडलेला टीव्ही

ऑपरेटरने चष्मा कपाळावर सरकवला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतका तो वाकला. मग दोन पावलं मागे आला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि "हं" म्हणाला. त्या हुंकारात एवढं वजन होतं की दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं आपापले टीव्ही सोडून त्याच्याकडेच पाहू लागली.

खरं सांगायचं तर त्याला धड काही दिसत नव्हतं. भिंतीवर ओळीने लावलेल्या सगळ्या टीव्हींवर एकच पोपट एकाच वेळी पंख उघडत होता, एवढं त्याला रंगांवरून कळत होतं. पण कुठल्या पोपटाचं पीस न् पीस सुटं दिसतंय आणि कुठल्याचा नुसता हिरवा लगदा झालाय, हे ओळखायला जी नजर लागते ती दीड वर्षापासून मोतीबिंदूने हळूहळू खाऊन टाकली होती. घरात हे कोणाला ठाऊक नव्हतं. घरात म्हणजे बायकोला. तिसरं माणूस घरात नव्हतंच.

आणि सांगणार तरी कुठल्या तोंडाने? बत्तीस वर्षं तो थिएटरात ऑपरेटर होता आणि तिथे त्याला सगळे 'दुर्बीण' म्हणत. पडद्यावरच्या कोपऱ्यातलं एखादं अक्षर किंचित फिकटलं तरी ते ह्या गृहस्थाला वरच्या केबिनमधून दिसे. मालकसुद्धा नवा चष्मा करून आणला की आधी ह्याला दाखवून जात. ऑपरेटर वरकरणी नको नको म्हणे आणि मनातून फुलून येई. माणसाला एकदा अशी पदवी मिळाली की ती टिकवण्यासाठी तो काय वाटेल ते करतो, त्यात आंधळेपण लपवणंही आलं.

बायको त्याच थिएटरात बुकिंगच्या खिडकीत बसे. नवरा वर सिनेमा दाखवायचा आणि बायको खाली तिकिटं विकायची. खेळ सुरू झाला की तिचा हिशेब सुरू व्हायचा, तो संपतोय तोवर पुढच्या खेळाची रांग. इतकी वर्षं थिएटरात काढून तिने एक सिनेमा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिला नव्हता, आणि ही गोष्ट ती सगळ्यांना हसत सांगे. थिएटर बंद पडलं तेव्हा तिच्या हाती एकरकमी पैसे आले. त्यातून तिने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली, चांगला टीव्ही. मोठाच हवा असं नाही, पण चित्र स्वच्छ हवं. आकडा तिने ठरवला, त्यापलीकडे एक पैसा नाही हेही ठरवलं, आणि निवड नवऱ्यावर सोपवली. ज्याच्या घरात दुर्बीण आहे त्याने दुसऱ्या कोणाला कशाला विचारायचं?

म्हणून तर ऑपरेटर आदल्या दिवशी एकटाच ह्या दुकानात येऊन गेला होता. थिएटर बंद पडल्यावर त्याचा केबिनमधला जोडीदार इथे सेल्समन म्हणून लागला होता. बावीस वर्षं दोघांनी एकाच केबिनमध्ये घाम गाळला होता. दोन यंत्रांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नसे, त्यामुळे सगळा कारभार खुणांवर चाले. एकाचा हात भिंगावर, दुसरा भिंतीतल्या झरोक्याशी. झरोक्याशी उभ्या असलेल्याने तळहात हलवला की चित्र पुसट, कानाची पाळी चिमटीत धरली की चित्र चोख. भिंगावर हात असलेल्याला पडदा दिसत नसे. त्याने खूण पाहायची आणि हात थांबवायचा. बावीस वर्षांत ही खूण एकदाही खोटी ठरली नव्हती.

जोडीदाराला कोपऱ्यात घेऊन ऑपरेटरने डोळ्यांचं सगळं सांगून टाकलं होतं. एवढं त्याने डॉक्टरलाही सांगितलं नव्हतं, कारण तो डॉक्टरकडे गेलाच नव्हता. जोडीदार म्हणाला, उद्या वहिनींना घेऊन ये, मी कान धरीन.

आता बायको पलीकडच्या भिंतीपाशी उभी राहून त्याला बोलवत होती.

"अहो, हा बघा ना. ह्याच्यावर अक्षरं कशी सुटी सुटी दिसतायत."

तो त्रेचाळीस इंची होता. त्याच्याशेजारी पंचावन्न इंची, किंमत जवळपास तीच. मोठ्याच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'फोर-के सपोर्ट' लिहिलं होतं, लहानाच्या पाटीवर नुसतं 'फोर-के'. बायकोने पाट्या दोनदा वाचल्या आणि ह्या दोहोंत फरक काय म्हणून विचारलं. ऑपरेटरने लहान टीव्हीपुढे उभं राहून पुन्हा तो वजनदार हुंकार दिला आणि सहज मान वळवावी तशी जोडीदाराकडे वळवली.

जोडीदार दोन हातांवर, मोठ्या टीव्हीला टेकून उभा होता; एवढ्या जवळचा हात ऑपरेटरला कळत होता. त्याने कानाची पाळी चिमटीत धरली.

"लहान टीव्ही जवळून चांगलाच दिसणार गं," ऑपरेटर म्हणाला. "पण आपण बघणार बारा फुटांवरून. हा मोठा घे. डोळे झाकून घे."

बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा जोडीदाराकडे पाहिलं. मग पर्स उघडली.

टीव्ही घरी आला आणि ऑपरेटरचा तोरा वाढला. शेजारपाजारच्यांना बोलावून तो काळ्या रंगातल्या छटा समजावून सांगू लागला. लोक माना डोलवत, कारण दुर्बीण सांगतेय म्हणजे छटा असणारच. बायको चहा द्यायला येई आणि ट्रे ठेवून आत जाई. पहिले काही दिवस ती टीव्हीसमोर बसली. मग खुर्ची मागे घेऊन बसली. मग शिवणकाम घेऊन खिडकीशी बसू लागली, आणि टीव्हीकडे कान तेवढे ठेवले. इतक्या वर्षांची सवय, एका जागी बसवत नसेल, असं ऑपरेटरने स्वतःला समजावलं. ती थोडी कमी बोलते आहे हेही त्याच्या लक्षात आलं होतं, पण बायका अधूनमधून कमी बोलतात, त्यात विशेष ते काय?

पुढे जिन्याची एक पायरी चुकली आणि लपवालपवी संपली. तिथेही ह्या गृहस्थाने आपली पदवी राखलीच. बायकोला त्याने सांगितलं की हल्लीच जरा अंधुक दिसायला लागलंय, मोठ्या टीव्हीच्या उजेडाने डोळ्यांवर ताण आला असावा. तिने नुसतं "असं?" म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू चांगलाच पिकलाय. बायको तेव्हा औषधांच्या खिडकीशी होती, हे त्याचं नशीब.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली आणि जग कोणीतरी पुसून ठेवल्यासारखं दिसू लागलं. घरी येताना ऑपरेटर दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत आला, अगदी खालचे फोन नंबरसुद्धा. भिंतीवरच्या कॅलेंडरातले बारीक आकडे त्याने खुर्चीत बसून वाचले. समोरच्या गच्चीवरच्या दोरीवर किती चिमटे आहेत ते मोजले. मग मोठ्या थाटात टीव्ही लावला.

बातम्या चालू होत्या. निवेदिकेच्या खांद्यावर तिचे केस एका काळ्या पट्ट्यासारखे पसरले होते. खालून सरकणाऱ्या अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दातेरी होत्या. मागे गर्दी दाखवत होते, त्या गर्दीत एकाही माणसाला नाक नव्हतं.

त्याने हाताने आधी डावा डोळा झाकला, मग उजवा, मग पुन्हा डावा. कॅलेंडर पाहिलं, ते स्वच्छ होतं. चिमटे पाहिले, तेही जागच्या जागी होते. टीव्हीची सगळी बटणं त्याने दाबून पाहिली. चार महिने आपण ज्या छटा लोकांना समजावत होतो त्या इथे नव्हत्याच, हे कळायला त्याला पाच मिनिटं लागली. त्यामागचं कारण कळायला मात्र एक क्षणही लागला नाही. नजर परत मिळाल्याचा आनंद एक दिवससुद्धा त्याच्या वाट्याला आला नाही.

तो तडक दुकानात गेला. जोडीदार एका नव्या टीव्हीवरचं प्लॅस्टिक काढत होता. ऑपरेटरच्या उघड्या, पाणीदार डोळ्याकडे त्याने पाहिलं आणि प्लॅस्टिक हातातच राहिलं.

"झालं वाटतं ऑपरेशन."

"'फोर-के सपोर्ट' म्हणजे काय रे?" ऑपरेटरने विचारलं.

जोडीदाराने आढेवेढे घेतले नाहीत. त्याने सांगितलं की 'फोर-के' म्हणजे पीस न् पीस सुटं दाखवणारं चित्र; तसं चित्र आलं तर हा टीव्ही ते घेतो, पण दाखवतो आपल्या कुवतीप्रमाणे, म्हणजे फारच कमी. असले सहा टीव्ही दुकानात पडून होते. महिनाअखेर हे खपले नाहीत तर कामावर येऊ नकोस, असं मालकाने त्याला बजावलं होतं. पाच खपले होते.

"आणि सहावा माझ्या गळ्यात मारलास. त्या खुणेवर."

"या वयात मला दुसरीकडे कोण उभं करणार होतं?" जोडीदार खाली बघत म्हणाला. आणि मग, अगदी हळू, समजूत घालावी तसा म्हणाला, "शिवाय तुला कुठे दिसणार होतं रे?"

ऑपरेटरला त्यावर पुष्कळ काही बोलायचं होतं. शिव्याही तोंडाशी आल्या होत्या. पण ज्याने केसाने गळा कापला त्याचंच शेवटचं वाक्य डोक्यात घुमत राहिलं आणि तो तसाच दुकानाबाहेर पडला.

वाटेत राग वाढत गेला आणि घर जवळ येईपर्यंत त्याला स्वतःचीच दया येऊ लागली. आपल्यासारख्या सरळ माणसाला जिवलग मित्राने असं फसवावं! बायकोला आता सगळं सांगायचं, तिच्यापुढे मन मोकळं करायचं, म्हणजे निदान एका माणसाला तरी आपलं दुःख कळेल. आपण चप्पलही न काढता बोलणार आहोत, हे त्याला जिन्यातच कळलं होतं.

बायको खिडकीशी उशीचा अभ्रा शिवत बसली होती.

"जोडीदाराने मला फसवलं," तो दारातूनच म्हणाला. "हा टीव्ही भिकार आहे. चित्र धड नाही ह्याचं."

"नाहीच," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून नाही."

"मग बोलली का नाहीस?"

तिने दोरा दातांनी तोडला.

"तुम्हाला काय सांगायचं? जगाला दिसत नाही ते तुम्हाला दिसतं. त्याने कान धरला तेही मी पाहिलं. तुमच्या खुणा काय मला ठाऊक नाहीत? घरीही त्याच करता. म्हटलं, त्याच्या नोकरीवर गदा येत असेल म्हणून ह्यांनी जाणूनबुजून त्याचा पडून राहिलेला माल उचलला. माझ्या पैशाने."

ऑपरेटरला खाली बसावंसं वाटलं. चार महिने ही बाई आपल्याला असं समजत होती, आणि सकाळ-संध्याकाळ चहा देत होती.

"पहिले आठ दिवस फार जड गेले," ती पुढे म्हणाली. "घास उतरत नव्हता. मग मनाची समजूत घातली. बावीस वर्षांचा सोबती, त्याचं घर उघड्यावर पडायला नको म्हणून केलं असेल. सोडून दिलं."

इथे तो गप्प बसला असता तर निभावलं असतं. मित्रासाठी पदरचं घालवणारा माणूस म्हणून उरलेलं आयुष्य मानाने काढता आलं असतं. पण नको त्या आरोपातून सुटायची घाई माणसाला भलतंच बोलायला लावते.

"अगं, मी त्याला सामील नव्हतो," तो कळवळून म्हणाला. "मला दिसतच नव्हतं. टीव्ही घेतला त्याआधी दीड वर्षापासून नव्हतं दिसत."

निर्दोष असल्याचा पुरावा हजर केल्यासारखा तो तिच्याकडे पाहू लागला. तिने शिवण मांडीवर ठेवली.

"म्हणजे दुकानात मी तुम्हाला तो लहान टीव्ही दाखवत होते तेव्हा..."

"नव्हतं दिसत."

"आणि तो उजेडाने ताण आला म्हणालात ते?"

त्याने आता कुठे पायातली चप्पल काढली.

"जोडीदाराला माहीत होतं?"

"त्याला सांगितलं होतं मी. आदल्या दिवशी."

"त्याला सांगितलंत," ती म्हणाली.

आत कुकरची शिट्टी झाली. एरवी ती अशी शिट्टी ऐकून लगेच उठे, आता उठली नाही. दुसरी शिट्टी झाली तेव्हा ऑपरेटर स्वतःच आत जाऊन गॅस बंद करून आला. तरी ती तशीच बसून होती.

"मित्रासाठी केलंत, ते मी माफ केलं होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आता हे कशात बसवू, तेवढं सांगा."

ऑपरेटर उभाच राहिला. बस म्हणेल अशी ती दिसत नव्हती.