जिनिंगपुढचा काळा गाडीतळ

मित्रांनो, चालताना तुम्ही पुढं बघता, वर बघता, झाडावरच्या चिंचा तर तुम्हाला कोसभर अंतरावरून दिसतात. पायाखाली मात्र कुणी बघत नाही. ठेच लागली तरच बघता, आणि तेव्हासुद्धा शिवी देण्यापुरतंच! म्हणून आज मी ठरवलं, आपणच तोंड उघडायचं. औरंगाबादेत स्टेशनाकडं जाणाऱ्या रस्त्यावर आप्पासाहेबांची कापसाची जिनिंग आहे ना, तिच्यापुढचा जुना डांबरी गाडीतळ म्हणजे मी.

जन्मानं मी काळा नाही हं! आधी मी तांबूस मुरमाचा होतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. दिवाळीच्या आधीपासून चैत्रापर्यंत फुलंब्री, सिल्लोड, पार सोयगावपासून कापसाच्या बैलगाड्या यायच्या आणि वजनाची पाळी येईपर्यंत माझ्या अंगावर सुटायच्या. बैल मोकळे व्हायचे, कडब्याच्या पेंढ्या उलगडायच्या, तीन दगडांच्या चुली पेटायच्या. एका गाडीखाली भांडण चाललेलं असायचं, तर दुसरीखाली सोयरीक जुळत असायची. अहो, काय ती गर्दी! हंगामात मला एकटं वाटायला फुरसतच नसायची.

पण गर्दीतलं कुणी माझ्याशी बोलायचं नाही. बोलायची ती एकटी भागूबाई. जिनिंगची झाडलोट तिच्याकडं होती. उजाडताना ती यायची, सगळा तळ झाडायची आणि मग फाटकापाशी बसून शेणाच्या पाण्याचा सडा घालायची, तळहातानं सारवायची. सारवताना तिचं तोंड चालू असायचं.

"ऊठ रं बाबा, लक्षुमी यायची येळ झाली. किती पसरशील? माझ्या धाकट्यावानी झालंय तुझं."

तिच्या हाताला भेगा होत्या. त्या भेगा मला ओळखीच्या झाल्या होत्या. बाकी सगळे मला तुडवायचे, मित्रांनो. हात लावणारी ती एकटीच.

मग मोटारलॉऱ्या आल्या. पावसानंतर माझ्या चिखलात एक लॉरी अशी रुतली की आठ बैल लावून ओढावी लागली. आप्पासाहेब तेव्हा नुकतेच हैदराबादेहून आले होते. तिथले डांबरी रस्ते बघून त्यांना चैन पडत नव्हतं. झालं! रेल्वेनं डांबराची पिंपं आली, खडीचे ढीग पडले, माणसांनी दोर लावून ओढायचा दगडी रूळ आला. अंगावर उकळतं डांबर पडलं तेव्हा काय वाटलं, ते मात्र विचारू नका! पण दुसऱ्या दिवशी मी असा चमकत होतो की संध्याकाळी गुलमंडीवरचे दुकानदार टांगा करून मला बघायला आले. एक म्हातारबाबा तर वहाणा हातात घेऊनच आत शिरले.

"अगं बया, घोंगडीच हातरली की!" ते म्हणाले.

मी फुगलो. कुणीही फुगेल! तेवढ्यात फाटकातून भागूबाई आली. हातात शेणाची बादली. ती उभीच राहिली.

"मालक, आता ह्या काळ्यावर सडा कसा घालू?"

"भागूबाई, आता शेणामातीचे दिवस गेले," आप्पासाहेब हसत म्हणाले. "नुसतं झाडत जा. तुझंच काम कमी झालं की!"

"व्हय, कमी झालं," ती म्हणाली आणि बादली घेऊन परत गेली.

त्या दिवसापासून ती उभ्यानं झाडायची. खाली बसणं संपलं, हात टेकणं संपलं आणि बोलणंही आपोआप संपलं. झाडू पाठीवरून फिरला की बरं वाटतं, नाही असं नाही. पण झाडूला काही भेगा नसतात.

वर्षं गेली. लोखंडी धावांची चाकं माझ्यावरून फिरत राहिली, लॉऱ्यांचं तेल ठिबकत राहिलं. उन्हाळ्यात मी इतका मऊ व्हायचो की बैलांचे खूर माझ्यात उमटायचे. मग दूर कुठं तरी मोठी लढाई सुरू झाली आणि डांबराची सगळी पिंपं म्हणे तिकडं जाऊ लागली. माझ्या अंगावर पहिला खड्डा पडला तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही. दुसरा पडला तेव्हा आप्पासाहेब "बघू" म्हणाले. पुढं पुढं तर माझ्या अंगावर खड्डे जास्त आणि मी कमी, अशी गत झाली.

एका हंगामात सोयगावच्या कडूबाची गाडी अवकाळी पावसानं भरलेल्या एका खड्ड्यात आदळली आणि तिचा कणाच मोडला. कापूस सगळा पाण्यात. कडूबा म्हणजे चार गावांना हसवणारा गाडीवान, पण त्या दिवशी त्याचं हसणं बोचरं होतं.

"आप्पासाहेब, ह्यो गाडीतळ हाय का बारव? आत उतराया पायऱ्या तरी करा की!"

सगळे खो खो हसले. त्यानंतर गाडीवान रस्त्याच्या कडेलाच गाड्या सोडू लागले. माझ्या पुढ्यात येऊन, मला बघून, वळून जाऊ लागले. मित्रांनो, कुणीच न येणं परवडलं. पण दारापर्यंत येऊन माघारी जाणं? ते फार लागतं हो.

लढाई संपली आणि डांबर पुन्हा मिळू लागलं. आप्पासाहेब एके दिवशी माझ्या मधोमध येऊन उभे राहिले.

"दसऱ्याला हंगामाचा मुहूर्त, त्याआधी याला एक थर द्यायचा. शेवटचा," ते म्हणाले. "हा टिकला तर ठीक. नाही तर रस्त्यापलीकडचा माळ आपलाच आहे. तिथं दगड बसवून घेतलाय, गाड्या तिकडं हलवू. माझ्यानं आता कुणाची बोलणी ऐकवत नाहीत."

मला धडकीच भरली! एका थरावर माझं सगळं आलं होतं.

काम घेतलं मुबारक मिस्त्रीनं. उंच, बारीक, पायाला गोणपाट गुंडाळलेला माणूस. आल्या आल्या त्यानं माझे खड्डे चौकोनी खोदून घेतले, त्यांत खडी भरली, धुमसानं ठोकून ठोकून बसवली. इतक्या वर्षांनी माझ्या दुखण्यावर कुणी तरी नेमका उपाय करत होतं. मग त्यानं भागूबाईला हाक मारली.

"मौसी, उद्या डांबर टाकायचं. आज असं झाडा की धूळ नावाला बी नाही पाहिजे. ये डांबर लई नखरेल है. खाली काही बी मधे आलं की रुसतं, पकडत नाही."

"धूळ? घे, तुझ्या पगडीला लावाया बी मिळायची नाय!" भागूबाई म्हणाली, आणि तिनं खरोखरच मला असं झाडलं की मला माझाच जुना काळा रंग दिसला.

पण त्या माउलीच्या मनात दुसरंच काही तरी घोळत होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती आली. मिस्त्रीची माणसं अजून यायची होती. तिच्या हातात बादली होती. फाटकापाशी, आपल्या जुन्या जागेवर, ती गुडघे मोडून बसली.

"आज तुझं नवं आंग," ती पुटपुटली. "वरून मुहुर्ताच्या गाड्या यायच्या. तुला उघडा ठिवला तर लोक काय म्हणतील? पातळच घालते. कुणाला कळायचं बी नाय."

आणि तिचा हात माझ्यावरून फिरला! मित्रांनो, काय सांगू! भेगा वाढल्या होत्या, बोटं वाकडी झाली होती, पण हात तोच. ती सारवत होती आणि बोलत होती. लेकीचं बाळंतपण, सुनेचा राग, दुखणारे गुडघे, इतक्या वर्षांचं सगळं साठलेलं. मी फक्त ऐकत होतो. आनंदात माणसाला पुढचं दिसत नाही म्हणतात; मी तर नुसती जमीन.

मिस्त्रीनं काम मागच्या टोकापासून सुरू केलं. पिंपाखाली जाळ, डोळ्यांत धूर, झारीतून सांडणारं डांबर, त्यावर बारीक खडी आणि मग रूळ. फाटकापाशी येईतो ऊन कलायला आलं होतं. सडा कधीच वाळला होता आणि धुराच्या काजळीनं माझ्यासारखाच काळपट दिसत होता. डांबर थंड व्हायच्या आत संपवायची घाई होती. मिस्त्रीनं एकदा बघितलं, "बराबर है" म्हणाला आणि ओतलं.

दसरा आला. फाटकाला झेंडूचं तोरण, आंब्याचे टहाळे. गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. पहिला मान कडूबाला दिला होता. आप्पासाहेबांना त्याचंच तोंड बंद करायचं होतं ना! नारळ फुटला, बैलांच्या शिंगांना गुलाल लागला, गाडी आत आली आणि फाटकापाशी उजवीकडं वळली.

वळताना चाक माझ्यावर घासलं. तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा सुटावा ना, तसा माझा नवा थर सुटला. नुसता सुटला नाही, धावेला चिकटून गरकन वर आला!

मग कडूबाच म्हणाला, "घ्या! बारवीला नुसतं झाकण बशिवलं व्हतं व्हय!"

"मिस्त्री," आप्पासाहेब पुढं येत म्हणाले, "डांबरात काय कालवलंस?"

मुबारक मिस्त्री खाली बसला. त्यानं सुटलेला एक तुकडा उचलून उलटा केला. तुकड्याच्या पोटाला शेणाचा पातळ थर चिकटला होता, आणि त्यात अर्धगोल ओळी होत्या. चार बोटांच्या, एकीशेजारी एक. त्यानं मान वर केली. भागूबाई तोरणाखाली पदर तोंडाला लावून उभी होती. मिस्त्रीनं तो तुकडा होता तसा पालथा ठेवून दिला.

"मालक, मेरी चूक," तो म्हणाला. "जमीन नीट बघितली नाही. पुन्हा करून देतो."

"त्येची चूक नाय!" भागूबाई पुढं आली. "म्या सडा घातला व्हता. मुहुर्ताची जागा बोडकी कशी ठिवायची, मालक? पोरगी बोहल्यावर उभी करायच्या आधी हळद लावतोच की नाय आपण?"

मागं कुणी तरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. आप्पासाहेबांनी तिच्याकडं बघितलं, मिस्त्रीकडं बघितलं, रस्त्यापर्यंत लागलेल्या रांगेकडं बघितलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

"भागूबाई, तुला तरी काय म्हणू?" ते हळूच म्हणाले. "पण मुहूर्त कुणासाठी थांबत नाही. गाड्या पलीकडं घ्या रे."

बस्. एवढंच झालं. कडूबानं बैल मागं घेतले. एकेक गाडी माझ्या दारातून वळली, रस्ता ओलांडून माळावर गेली. संध्याकाळी तिकडं चुली पेटल्या. माझ्यावर तोरणाची फुलं तेवढी पडली होती.

दिवाळीनंतर मुबारक मिस्त्री परत आला. एकटा. कुणी बोलावलं नव्हतं, पण अर्धवट काम त्याला झोपू देत नव्हतं म्हणे. त्यानं फाटकाजवळचा सगळा थर काढला, घासला, धुतला, वाळवला आणि उरल्यासुरल्या डांबराचा नवा थर नीट बसवला. भागूबाई आता पलीकडचा माळ झाडायची. ती भाकरी बांधून घेऊन आली.

"मिस्त्रीभाऊ, लांबूनच देते बाबा. माझा हात नको लागाया."

मिस्त्री मनापासून हसला. "आता लावा मौसी, ठंडा झालाय."

तिनं हात टेकवला. बघितलं. "कसा नव्यावानी झाला! आता असाच राहील बघ. खराब कराया हाय कोण?"

"नाय मौसी." मिस्त्री भाकरी मोडत म्हणाला. "डांबर वापरात राहिलं तरच राहतं. चाकं फिरली की दबतं, घट्ट होतं, जितं राहतं. नुसतं पडून राहिलं तर आतून सुकतं. मग तडकतं."

थोड्या वेळानं दोघं उठून गेली.

मिस्त्रीचं खरं निघालं. आज माझ्यावर एक खड्डा नाही, पण तडे गेले आहेत. केसाएवढे होते, आता त्यांतून गवत डोकावतं. दुपारी रस्त्यापलीकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज येतो. कडूबा काही तरी बोलतो आणि सगळे हसतात. काय बोलला, ते ऐकू येत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, आम्हाला वापरून झिजवू नका. त्यांचं बरोबर असेल. मला मात्र जपणुकीचा कंटाळा आलाय. फाटकाला कुलूप नाही, नुसती कडी आहे, तुमच्या बोटानंसुद्धा ती उघडेल. शाळा सुटली की या. विटीदांडू आणा, लगोरी आणा, सायकलची रिकामी रिंग काठीनं पळवत आणा. धावा, घसरा, भांडा, माझ्यावर बसून एकमेकांच्या चुगल्या करा. थुंकू नका तेवढं! आणि कुणी विचारलं, "पोरांनो, कशाला त्या चांगल्या जागेची वाट लावता?" तर खुशाल सांगा, त्या जागेनंच बोलावलंय, झिजायला.