मागून आलेली हाक

मी तोंडाची फटकळ. आमच्या रिलेच्या चौघींत तिसरी धावायची ती माझ्या अगदी उलट, तोंडात मूग धरून बसणारी. तिचं नावच आम्ही मुकी पाडलं होतं. तीही हसायची बापडी.

मी शेवटची. तिने मागून येत "घे" म्हणायचं आणि मी न वळता हात मागे करायचा, म्हणजे बॅटन हातात. सरावात ती कशीबशी म्हणायची. अंतिम शर्यतीत म्हणालीच नाही, धपधप पाय तेवढे आपटले. मला वाटलं, ठेचकाळली. मी हात मागे केलाच नाही, बॅटन बदलायची हद्द संपली आणि आम्ही बाद झालो.

मी तिला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. "तोंडाला काय कुलूप लागलं होतं?" मग सरांना सांगितलं, हिला काढा, नाहीतर मी चालले. सरांनी तिला काढलं.

पंधरा दिवसांनी तिचे मैदानावर राहिलेले बूट द्यायला तिच्या घरी गेले. दार उघडंच होतं. लाकडी जमिनीची लहानशी खोली. आई पाठमोरी शिवणयंत्रावर, वडील खिडकीशी सदऱ्याला बटणं लावत बसलेले. मी तीनदा "काकू" म्हटलं. कोणी ढुंकून बघेना. घरच तुसडं, म्हटलं.

मुकी आतून आली. मला पाहून थबकली आणि तिने जमिनीवर दोनदा पाय आपटला. दोघंही लगेच वळले.

"त्यांना ऐकू येत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे हाक अशीच मारतात."

"म्हणजे त्या दिवशी..."

"घाबरले की माझा आवाजच फुटत नाही गं. पाय आपोआप आपटला जातो."

"मग सांगायचं नाहीस होय, बये?"

"पहिल्याच आठवड्यात सांगणार होते. तुम्ही मुकी म्हणायला लागलात. मग आईबाबांचं कुठल्या तोंडाने सांगू?"

"मी उद्याच सरांशी बोलते."

"पुढच्या स्पर्धेची नावं गेली वर. राहू दे."

आईने मला खुर्ची दिली आणि हसत हातांनी काहीतरी विचारलं.

"काय म्हणतायत?"

"म्हणते, ही तीच ना, जिच्या हातात तू बॅटन देतेस?" तिने बूट माझ्याकडून घेऊन दाराआड सारले. "मला काढलंय, हे त्यांना अजून सांगितलं नाही मी."

आई माझ्याकडे बघत थांबली होती. मी मान हलवली. हो, तीच.