सख्खी बहीण

नवी मॅडम आल्यापासून माझ्या मनात पाल चुकचुकत होती. इतकं गोड बोलणारं माणूस वृद्धाश्रमात येईलच कशाला? आल्या आल्या तिनं सगळ्या मावश्यांना हॉलमध्ये बसवून समानतेचं प्रशिक्षण दिलं. कोण कुठल्या जातीधर्माचं, कोण कुणाबरोबर राहतं, यावरून सेवेत फरक करायचा नाही म्हणे. मी जिन्यात उभी राहून सगळं ऐकलं. काडीचाही विश्वास बसला नाही.

बसणार कसा? आधीच्या आश्रमात मी भाबडेपणानं खरं सांगितलं होतं, की ही आणि मी, आम्ही दोघी तरुणपणापासून नवराबायकोसारख्याच एकत्र राहतो. आठवडा उलटायच्या आत हिची रवानगी वरच्या मजल्यावर. का, तर म्हणे वर हवा चांगली!

म्हणून इथं सरळ ठोकून दिलं, आम्ही सख्ख्या बहिणी. ही ताडमाड, मी जेमतेम हिच्या खांद्याएवढी, पण कुणी हटकलं नाही. रात्री पलंग जोडायचे आणि सकाळी मावशी चहा घेऊन यायच्या आत लांब सारायचे, असं आमचं चाललं होतं. हल्ली हिला विसरायला होतं. चारचौघांत मला ‘लाडके’ म्हणते. मी हसून सांगते, लहानपणची सवय.

काल मावशी लवकर आली. पलंग जोडलेलेच होते. तिनं चहा ठेवला, पलंगांकडे एकदा बघितलं आणि गेली. आता ती जाऊन मॅडमला सांगणार. हिला पुन्हा माझ्यापासून तोडलं तर मी जगायचं कसं?

दुपारी मॅडम हजर. मावशी तिच्या मागे, दारात.

“आजी, रोज पलंग ओढू नका, कंबर धरेल. जोडूनच ठेवूया ना?”

खडा टाकून बघत होती. मी ताकास तूर लागू दिली नाही.

“हिला रात्री भीती वाटते. बहीणच आहे ना माझी.”

“बहीण असो की आणखी कोणी. तुमची खोली कुणी बदलणार नाही.”

“आणखी कोण असणार? सख्खी बहीण आहे!” मी जरा जोरातच म्हणाले.

ही शेजारी बसून ऐकत होती. तिनं माझ्या हातातला हात हळूच काढून घेतला.

“तुम्ही माझी बहीण का?” परक्या बाईशी बोलावं तसं तिनं विचारलं. “मग माझं माणूस कुठंय? घरीच राहिलं का एकटं?”

आणि ती चपला शोधायला लागली.

माझा सगळा धीर सुटला. “अगं, मीच ती!” मी ओरडले. मॅडम ऐकत होती, मावशी ऐकत होती, ऐकू देत. “बहीणबिहीण काही नाही. जन्मभर तुझ्याजवळ राहिले ती मीच.”

तिनं मला खालून वर नीट न्याहाळलं.

“मघाशी तर बहीण म्हणालात,” ती म्हणाली, आणि चप्पल पायात घातली.