सावली पडणारं आभाळ

सुयोगने बॅटरीच्या पेटीचे चार स्क्रू काढून शर्टाच्या खिशात टाकले आणि आत बघण्याआधी पाणी मागितलं. तहान लागली नव्हती. सोनीने तांब्या आणून दिला आणि ती उंबऱ्यात बसून राहिली. तिच्या नवऱ्याला, देऊला, जाऊन नऊ दिवस झाले होते.

देऊने वीस वर्षं खडीच्या क्रशरवर काढली आणि तिथली धूळ त्याच्या छातीत घर करून बसली. मागच्या दिवाळीला एका संस्थेने त्याला ऑक्सिजनचं मशीन दिलं. बारवी धरणामागच्या या वाडीत जरा वारा सुटला की लाईट जाते, म्हणून सोबत छपरावर सोलरचं पॅनल आणि घरात ही बॅटरी. बसवायला कात्रपहून सुयोगच आला होता. आज तो हा सगळा संच उचलून शेजारच्या घरात लावणार होता, देऊच्या धाकट्या भावाकडे, किसनकडे. किसनही त्याच क्रशरवरचा. खोकला आणि धाप दोघा भावांनी सारखीच घरी आणली होती.

देऊ गेला तेव्हा दोन दिवस लाईट नव्हती, एवढं सुयोगला फोनवर कळलं होतं. बॅटरी संपली असणार, हे त्याने येता येता वाटेतच ठरवून टाकलं. बॅटरी आहे, संपते. त्यात कोणाचा काय दोष?

झाकण उघडलं. आत इवलासा पडदा होता. बटण दाबत गेलं की मागच्या एकेका दिवसाची नोंद दिसत जाते. सुयोग नऊ दिवस मागे गेला. त्या दुपारी तीन वाजता बॅटरी शंभरात चौऱ्याण्णव भरलेली होती. पॅनलने सकाळपासून वीज दिली होती, जवळजवळ रोजच्याइतकीच. फक्त मशीनने ती सकाळी आठनंतर घेतलीच नव्हती.

त्याने न विचारताच सोनी सांगू लागली. सकाळी आभाळ आलं, म्हणून तिने मशीन बंद केलं. देऊ हाताने खुणा करत होता, चालू कर म्हणून. तिने त्याला दटावलं, रात्री काय करशील, जरा कळ काढ. दुपारी ती भाकरी घेऊन गेली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

"तूच सांगलंस ना दादा, आभाल आला का बंद ठेवायचा, रातीला राखायचा?"

"कसलं आभाळ होतं?" सुयोगने विचारलं. विचारायला नको होतं.

"पांढरा. लय वर, मासलीच्या खवल्यांवानी. अंगणात माझी सावली पडत व्हती. मला वाटला, सावली पडते तर मशीन का नाय चालायचा? पण तू शिकलेला."

अंबरनाथला दोन दिवस ट्रेनिंग झालं होतं, त्यातला अर्धा दिवस नुसता ढगांवर. उंचावरचे पातळ ढग बर्फाच्या कणांचे, त्यांतून उजेड बऱ्यापैकी झिरपतो. खालचे काळे, दाट ढग पाण्याच्या थेंबांचे, ते उजेड अडवून धरतात. शिकवणारे म्हणाले होते, पेशंटच्या घरी एवढंच सांगा, अंगणात सावली पडतेय तोवर पॅनल काम करतंय. सुयोगने ते वहीत लिहूनही घेतलं होतं. पण बसवायच्या दिवशी उशीर झाला होता, घाटात अंधार पडला असता. आणि खरं सांगायचं तर त्याला वाटलं होतं, या लोकांना ढगांतलं काय कळणार. पावसाळ्याच्या तोंडी नुसतं आभाळ बघून गवत कधी घरात घ्यायचं ते ठरवणारी ही माणसं. त्यांना तो सांगून आला, आभाळ आलं की बंद.

"संपलेली ना ती?" सोनी म्हणाली. "का मी उगाच बंद केला?"

सुयोगने झाकण लावलं.

"संपलीच होती, मावशी. बॅटरीच खराब निघाली. तुम्ही चालू ठेवलं असतं तरी पाच मिनिटंसुद्धा चाललं नसतं."

सोनीने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भिंतीला पाठ टेकली. नऊ दिवस ती अशी टेकली नसावी. सुयोगला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लगेच लाजही वाटली. त्या एका वाक्यात तिच्याबरोबर तो स्वतःही सुटला होता.

"मंग ही किसनला लावू नको," ती म्हणाली. "त्याला चांगली आण."

दुसरी बॅटरी नव्हती. बॅटरीवाचून बाकीचा संच इथे ठेवून उपयोग नव्हता, आणि संस्थेकडे परत गेलेला संच वाट बघणाऱ्यांच्या यादीतल्या पहिल्या माणसाला जातो. किसनचा नंबर एकोणिसावा. इथेच आयता संच होता म्हणून तर त्याची सोय होत होती. झाकण पुन्हा उघडायचं आणि आकडा वाचून दाखवायचा, एवढंच करायचं होतं. सुयोगच्या खिशात ते चार स्क्रू अजून तसेच होते. त्याने ते काढले आणि एकेक करून पिळून घट्ट बसवले.

"आणतो," तो म्हणाला.

पेटी एकट्याला उचलण्यासारखी नव्हती. सोनीने हाक मारली, तसा किसन बाहेर आला आणि त्याने मुकाट्याने दुसरी बाजू धरली. टेम्पो जेमतेम चाळीस पावलांवर होता. किसन तीनदा थांबला. तिसऱ्यांदा पेटी खाली टेकवून तो वाकून उभा राहिला. धाप ओसरेपर्यंत सुयोग दुसरीकडे बघत होता.

"संपलेली, तरी केवढी जड हाय," किसन म्हणाला, आणि त्याने पेटीला पुन्हा हात घातला.