सहवास नावाचं सेंट

लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मालकांनी बायकोवरच्या प्रेमाखातर एक सेंट काढायचं ठरवलं आणि बायकोला ते जाहिरातवाल्याकडून कळलं. त्याने दाखवलेल्या कागदावर नाव होतं ‘सहवास’. खाली लिहिलं होतं, ‘मंद फुलांचा, कधीही न विरणाऱ्या प्रेमाचा सुगंध’. बाईंनी वाचून कागद परत केला. बायको चहात साखर घेते की नाही हे ज्याला सुनेला विचारावं लागतं, त्याने प्रेमाच्या बाटल्या भरायच्या, याची त्यांना किळस आली.

सेंटचा कारखाना दोघांनी मिळून उभा केला होता. सून नमुने बनवायची, पण दोघांनी हुंगून मान डोलावल्याशिवाय नवा माल बाहेर पडत नसे. पाहुण्यांपुढे मात्र मालक एकटेच नाकाने कांदे सोलत. कुठलाही नमुना आला की त्यांचं एकच ठरलेलं, “जरा गोड झालंय.”

बाईंना वास येणं तीन वर्षांपूर्वी एका तापात बंद झालं. गुलाब काय नि रॉकेल काय, सगळं सारखंच. त्या सांगणार होत्या. मग म्हटलं, बघू या, या वासाच्या व्यापाऱ्याला कधी पत्ता लागतो ते. लागला नाही. भाजी करपली तरी तो मुकाट्याने जेवून उठायचा. नवरा “जरा गोड” म्हणाला की बाईही “हो, जरा” म्हणत आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घालत. आज मात्र त्यांनी ठरवलं होतं. ‘मला तीन वर्षं वास येत नाही आणि तुम्हाला खबरही नाही,’ हे तोंडावर फेकायचं आणि जाहिरातीसाठीच्या दोघांच्या फोटोला साफ नकार द्यायचा.

हुंगायच्या खोलीत पडदा नाही, गादी नाही, कारण कापड वास धरून ठेवतं. सुनेने कागदी पट्ट्यांचा स्टँड आणून ठेवला. तीन पट्ट्या तीन नमुन्यांत बुडवलेल्या, चौथी कोरी. नुसत्या कागदाचा वास कुठला हे कळावं म्हणून कोरी नेहमीच ठेवतात. तेवढ्यात फोन वाजला आणि सून बाहेर गेली.

मालकांनी एक पट्टी उचलली, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला.

“जाई. मागून थोडा चाफा,” ते म्हणाले. “जरा गोड झालंय, पण आपले सुरुवातीचे दिवस आठवले बघ.”

बाईंनी पट्टी हातात घेतली. टोक कोरडं लागलं. उलटी करून पाहिली, दुसरं टोकही कोरडं. नंबर घातलेल्या तिन्ही ओल्या पट्ट्या स्टँडमध्येच होत्या. बाईंना आधी निव्वळ आनंद झाला. पितळ इतकं आयतं उघडं पडेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

“ही कोरी आहे,” त्या म्हणाल्या.

मालकांनी वाद घातला नाही. खुर्ची ओढून बसले.

“आठ वर्षं झाली, मला वास येत नाही. नाकाचं ऑपरेशन झालं ना, तेव्हापासून. तुझं नाक होतं म्हणून निभावलं. तू हो म्हणालीस की जिवात जीव यायचा.”

आठ वर्षं. त्यातली कितीतरी बाईंचं नाक शाबूत असतानाची. शेजारी झोपणाऱ्या माणसाचं नाक गेलं आणि त्यांना खबरही नाही. घासूनपुसून ठेवलेलं वाक्य आता कोणाच्या तोंडावर फेकायचं हेच त्यांना कळेना. नवऱ्यासाठी साठवलेला सगळा तिरस्कार त्यांच्या स्वतःच्याच वाट्याला आला.

“तुला लगेच वासावरून कळलं ना?” मालकांनी आशेने विचारलं.

“हाताला कोरडी लागली.”

मालक खुर्चीत पुढे सरकले. “कधीपासून?”

“तीन वर्षं.”

“मग तीन वर्षं माल पास कोण करत होतं?”

सून फोन हातात धरून दारात आली. “जाहिरातवाले विचारतायत, वास पसंत पडला ना? उद्या फोटो काढायचेत म्हणे.”

मालकांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं.

“आम्हा दोघांनाही वास येत नाही,” बाई सुनेला म्हणाल्या. “तूच हुंग आणि तूच ठरव.”

सून गोंधळून सासऱ्यांकडे बघू लागली. त्यांनी खाली मान घातली.

“आणि फोटोचं काय सांगू?” तिने हळूच विचारलं.

“काढू देत,” बाई म्हणाल्या. “फोटोत काय कळणार आहे?”