भाजलेलं धनुष्य

उस्तादांना अर्धांगाचा झटका आला आणि आयुष्यभर तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या माणसाकडे एकच शब्द उरला: हो. जेवलात? हो. उपाशी आहात? हो. नाही म्हणायला जावं तर मेली मानही होकारार्थीच हलायची. डोकं मात्र शाबूत होतं, हीच खरी शिक्षा! घरात मग ज्याला जे हवं, ते तो तसं विचारून घेई.

मुलाला कारखाना बंद करायचा होता. "आजकाल लाकडाची धनुष्यं घेतं कोण?" लेक हट्टाला पेटली. शेवटी ठरलं, तिनं एकटीनं एक धनुष्य करून दाखवायचं. टिकलं तर कारखाना तिचा, मोडलं तर कुलूप.

उस्ताद खुर्चीतून बघत होते. पोरीनं लाकूड तासलं, साच्यावर वाकवून आवळलं, निखाऱ्यांवर धरलं. आतली बाजू सावकाश भाजून बदामी केली. रात्रभर साच्यातच निवू दिलं. सकाळी सोडलं तर बाक तसूभरही हलला नव्हता. उस्तादांचा ऊर भरून आला. कधी शिकवलं नव्हतं हो तिला! दारात बसून, नुसतं बघून शिकली होती पठ्ठी.

आणि तिनं लगेच दोरी उचलली.

उस्ताद खुर्चीत पुढे झुकले. भाजलेलं लाकूड खडखडीत कोरडं असतं. ते आठवडाभर टांगायचं, हवेतला ओलावा पिऊ द्यायचा, मगच ताणायचं. तेवढे दिवस ते भिंतीवर असे आणि उस्ताद दुसऱ्या कामाला लागत. बघून शिकणाऱ्याला त्यात दिसणार काय? तिला वाटे, बाबा शोभेला टांगतात.

"लावू दोरी, बाबा?"

"हो!" उस्ताद ओरडले. "हो! हो!" डाव्या हातानं त्यांनी भिंतीवरची खुंटी दाखवली, खुर्चीचा दांडा बडवला.

"थंडी वाजतेय होय?" तिनं खुंटीवरची शाल आणून त्यांना गुंडाळली, तो हातही आत घेऊन कडा नीट खोचल्या. "घाबरू नका एवढे. बघाच तुम्ही."

दोरी चढली. तिनं ओढायला सुरुवात केली. निम्म्यावर येताच काडकन आवाज झाला आणि तिच्या हातात दोरीला लोंबणारे दोन तुकडे राहिले.

"आच जास्त झाली माझ्याकडून," ती पुटपुटली.

अगं वेडे, आच झकास होती! उस्तादांचा जीव नुसता तडफडत होता.

भाऊ काही दुष्ट नव्हता. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "बाबा, बंद करू या ना आता?"

उस्तादांनी ओठ घट्ट मिटून घेतले. मरेन, पण तोंड उघडणार नाही.

मग लेक त्यांच्या पायाशी येऊन बसली. डोळे भरलेले. "बाबा, खरं सांगा. मला हे काम जमणारच नाही ना?"

आता कसलं गप्प बसवतंय! जमलंय, पोरी, माझ्यापेक्षा छान जमलंय, एवढं सांगायला त्यांनी सगळा जीव गोळा केला.

"हो."

त्यांना दुसरं काही बोलताच येत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिचा चेहरा उतरला. ती उठली आणि कारखान्याची किल्ली भावाच्या हातात देऊन आली.