परत येण्याचा सराव

बाबांनी जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणलं, पलीकडे आपली खुर्ची लावली आणि लेकीला म्हणाले,

"बाहेर जा. दार वाजवून आत ये."

"बाबा, तिथे दार नसतं. काचेची खिडकी असते. रांगेतून पुढे जायचं आणि उभ्यानेच बोलायचं."

"मग रांगेतून ये."

रांग कुठून आणायची ते काही त्यांनी सांगितलं नाही. ती जिन्यापर्यंत गेली, तिथे उगाच थोडी घुटमळली आणि येऊन टेबलासमोर उभी राहिली. सोफ्यावर मटार सोलत बसलेल्या आईला हसू फुटलं. पण बाबांनी अशी काही नजर टाकली की तिने मुकाट्याने मटारात डोकं घातलं.

व्हिसाची मुलाखत परवावर आली होती. ती व्हायची होती दुसऱ्या भाषेत, तरी सराव घरच्याच भाषेत चालला होता. खोटं कुठल्याही भाषेत सारखंच ऐकू येतं, असं बाबांचं म्हणणं, आणि या बाबतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. वाहन परवान्याची चाचणी घेणं हे त्यांचं काम. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी घामाघूम झालेल्या शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून काढली होती आणि त्यातल्या बहुतेकांना "पुन्हा या" म्हणून घरी पाठवलं होतं. ऑफिसात पाठीमागे त्यांचं नावच 'पुन्हा-या साहेब' पडलं होतं. सख्ख्या मेहुण्यालाही त्यांनी सोडलं नव्हतं. चार माणसं जमली की मामा अजून तो किस्सा तिखटमीठ लावून सांगतो, आणि बाबा शेजारी बसले असतील तर गाडीची किल्ली मामीच्या हातात देतो.

"कशासाठी जाताय?" बाबांनी विचारलं. आवाज एकदम परका.

"धरणांत साठणाऱ्या गाळाचा अभ्यास करायला."

"तो इथे करता येत नाही?"

येतो, पण अर्धाच, असं म्हणून ती जी सुरू झाली ती थांबेचना. नदी गाळ कसा वाहून आणते, धरणाचं पोट त्याने कसं भरत जातं, आणि त्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काचेची एक लांबलचक पन्हळ आहे, तिच्यात पाणी सोडून अख्खी नदी डोळ्यांदेखत वाहताना कशी बघता येते. बोलता बोलता तिने मटाराच्या टरफलांची नदी टेबलावर मांडली. बाबा पुढे वाकले.

"आणि काढलेला गाळ टाकायचा कुठे?"

"तोच तर प्रश्न आहे, बाबा."

"अहो," आई म्हणाली, "तुम्ही अधिकारी आहात."

बाबा मागे टेकून बसले. टरफलं त्यांनी हाताने एका बाजूला सारली.

"शिक्षण झाल्यावर काय करणार?"

हाच खरा प्रश्न. सगळं ठीक असूनही लोक इथेच अडकतात, असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं. खिडकीपलीकडच्या माणसाला एवढंच हवं असतं, की ही मुलगी मुक्काम ठोकायला येत नाहीये. तिचं उत्तर तयार होतं.

"आईबाबा इथे आहेत, मी एकुलती एक आहे, घर इथे आहे. शिक्षण संपलं की मी परत येणार."

मटार सोलायचा आवाज थांबला होता.

"नापास," बाबा म्हणाले.

"का? काय चुकलं?"

"चुकलं काहीच नाही. चाचणीत लोक आरशात बघतात ना, ते मागचं बघायला नाही. मी शेजारी बसलोय म्हणून मान फिरवतात. तसं बोललीस. पुन्हा."

ती पुन्हा बोलली, या वेळी हसून. पुन्हा नापास. आईने टोपली खाली ठेवली.

"कपडे वाळले असतील," असं म्हणून ती गच्चीवर निघून गेली.

आत्याचा मुलगा असाच दोन वर्षांसाठी म्हणून गेला होता. दोनाची नऊ झाली. आत्या अजून त्याच्या पलंगावरची चादर दर आठवड्याला बदलते. विद्यापीठाचं पत्र आल्यापासून या घरात त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"मग काय सांगू तिथे?" आई गेल्यावर ती चिडून म्हणाली.

"खरं सांग."

"तुम्ही विचारताय की अधिकारी?"

तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"माहीत नाही, बाबा." मग जरा वेळाने, "तिथला रस्ता मी रोज नकाशात बघते. वसतिगृहापासून प्रयोगशाळेपर्यंतचा. कोपऱ्यावर सायकलदुरुस्तीचं दुकान आहे, पुढे पूल आहे. डोळे मिटून चालता येईल इतका पाठ झालाय. पण तिथून परत घरी येणं डोळ्यांसमोर आणायला गेले की काही दिसतच नाही. तुम्हाला सोडून जायचं म्हणून रडू येतं, तेही खरंच आहे. दोन्ही खरं आहे."

तिला एकाच वेळी हलकं वाटलं आणि स्वतःची लाज वाटली. बाबांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. तो स्वच्छच होता.

"हे तिथे बोलू नकोस," ते म्हणाले.

"मग?"

"मघाचंच बोल. पण नीट बोल. 'आईबाबा इथे आहेत' म्हणालीस की थांब जरा. आईबाप म्हटल्यावर माणूस थोडा अडखळतोच. एकुलती एक वगैरे गाळून टाक, ते त्यांना कागदावर दिसतंच. आणि शेवटचं वाक्य ठासून बोलू नकोस. ज्याला ठाऊक असतं तो ठासून सांगत नाही."

जन्मभर लोकांची बनवाबनवी पकडलेला माणूस ती कशी करायची हे आज लेकीला शिकवत होता, आणि एकही पायरी न गाळता शिकवत होता. तिला नको म्हणावंसं वाटलं. म्हणाली नाही. तिला जायचं होतं.

"पुन्हा," बाबा म्हणाले. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आईबाबा इथे आहेत." ती थांबली. ठरवलं होतं त्याहून जास्तच थांबली. "घर इथे आहे. शिक्षण झालं की मी परत येणार."

बाबांनी लगेच डोळे उघडले नाहीत.

"पास?" तिने विचारलं.

"पास."

दारात आई उभी होती. हनुवटीपर्यंत कपड्यांचा ढीग, आणि त्यावरून दिसणारा चेहरा गेल्या कित्येक दिवसांत नव्हता इतका मोकळा.

"ऐकलं मी जिन्यावरून," ती म्हणाली. "आता कसं मनापासून बोललीस. मघाशी नुसतं पोपटासारखं चाललं होतं." तिने कपडे सोफ्यावर टाकले आणि घड्या घालायला बसली. "मला आपली उगाच धाकधूक लागून राहिली होती. वन्संचं बघून बघून काय काय मनात येतं माणसाच्या."

लेकीने बाबांकडे पाहिलं. काही बोलायला तिने तोंडही उघडलं होतं. पण बाबा उठले होते आणि त्यांनी टेबलाची एक बाजू उचलली होती.

"धर," ते म्हणाले. "भिंतीला लावू."

तिने दुसरी बाजू उचलली आणि ती मागे मागे सरकू लागली. आई घड्या घालताना काहीतरी गुणगुणत होती.

"मागे बघ," बाबा हळूच म्हणाले. "खुर्ची आहे."